पंधरा मिनिटांची कुस्ती, बाकी सगळा रस्ता

४ ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक छोटं सेस्ना विमान शार्लटहून विल्मिंग्टनला निघालं होतं. आत वैमानिक धरून सहा जण, त्यातले चौघे रात्रीच्या कुस्त्यांसाठी निघालेले मल्ल. विल्मिंग्टन जवळ आलं, इंधन संपलं आणि विमान कोसळलं. जॉनी व्हॅलेंटाइन हा त्या भागातला मोठ्या दराऱ्याचा मल्ल कायमचा अपंग झाला. रिक फ्लेअर या २६ वर्षांच्या पोराचा कणा तीन ठिकाणी मोडला. आणि टिम वूड्स? पांढरा मुखवटा घालून 'मिस्टर रेसलिंग' या नावाने लढणाऱ्या या गड्याने इस्पितळात आपलं कुस्तीतलं नाव सांगितलंच नाही. कागदोपत्री असलेलं नाव सांगितलं, आणि धंदा काय, तर म्हणे प्रमोटर!

का? कारण वूड्स हिरो होता, आणि व्हॅलेंटाइन व फ्लेअर व्हिलन. तिकीट काढून येणाऱ्या पब्लिकच्या लेखी ही माणसं एकमेकांची हाडवैरी. हाडवैरी मांडीला मांडी लावून एका विमानातून चालले होते हे बाहेर फुटलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून हॉल ओस पडले असते. तरी कुजबुज सुरू झालीच. मग वूड्सने काय करावं? जेमतेम दोन आठवडे गेले असतील, अंग ठणकत असताना तो रिंगमध्ये उतरला. विमानात असतो तर आज असा उभा राहिलो असतो का, हे न बोलता दाखवायला!

ही गोष्ट मी सध्या दिसेल त्याला सांगत सुटले आहे. नवऱ्याला सांगितली, बहिणीला फोनवर सांगितली, कोपऱ्यावरच्या भाजीवालीला माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितली. तिला विमान आणि कुस्ती एवढंच कळलं, पण तेवढ्यावरही तिने कोथिंबीर फुकट दिली. वाचकहो, मला प्रोफेशनल रेसलिंगचं वेड लागलं आहे. तेच ते, पूर्वी डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणायचे आणि आता डब्ल्यूडब्ल्यूई म्हणतात. तेच, ज्याच्या पत्त्यांवर उंची, वजन, छाती आणि दंडाची मापं छापलेली असायची आणि ज्याच्यापायी आमच्या भावाने शाळेत मार खाल्ला होता.

मी मूळची कल्याणची. नवऱ्याच्या बदलीपायी चेन्नईला आले आणि पेरांबूरला राहते. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. त्यांना सगळी इमारत ताता म्हणते, म्हणून मीही ताता म्हणते. इंटिग्रल कोच फॅक्टरीत रेल्वेचे डबे बांधण्यात त्यांची उमर गेली. अमेरिकेत सोमवारची रात्र असते तेव्हा इथे मंगळवारची पहाट होते, आणि तातांच्या घरी 'रॉ' हा डब्ल्यूडब्ल्यूईचा कार्यक्रम सुरू होतो. पाटी, म्हणजे तातांच्या मंडळी, आत कॉफीचं डिकॉक्शन पाडत असतात आणि ताता पांढऱ्या वेष्टीत खुर्चीच्या टोकावर बसून टीव्हीला सूचना देत असतात. मी इडलीचं पीठ मागायला गेले आणि उभ्या उभ्या अडकले. पीठ ओट्यावर राहिलं, कॉफीचा टंबलर हातात आला आणि मी सतरंजीवर बसले ती बसलेच.

पडद्यावर एका बाईने दुसरीला डोक्यावर उचलून पाठीवर आपटली. मी डोळे मिटले. ताता म्हणाले, "चेहरा बघू नको अम्मा, हनुवटी बघ." रिमोटने मागे नेऊन त्यांनी तो क्षण पुन्हा दाखवला, मग पुन्हा, आणि मला दिसायला लागलं! पडणारीने हनुवटी छातीला घट्ट टेकवलेली होती, म्हणजे डोकं मागे आपटणार नाही. जमिनीला टेकायच्या क्षणी तिने श्वास सोडला. दोन्ही हातांचे पंजे पाठीबरोबर सपाट आपटले, म्हणजे मार एका मणक्यावर न येता अख्ख्या अंगावर वाटला गेला. आणि उचलणारी? तिचा एक हात पडणारीच्या पाठीखाली शेवटपर्यंत होता. जिला ती मारत होती, तिलाच ती सांभाळत होती. रिंगला खाली लोखंडी चौकट, वर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि ताणून बसवलेलं कॅनव्हास. गादीबिदी काही नाही. फळ्यांवर पडायचं, आणि पुढच्या गावी पुन्हा पडायचं.

मग तातांनी एकेक गुपित सोडायला सुरुवात केली. दोघे मल्ल एकमेकांना मिठीत आवळून क्षणभर थांबतात ना, तेव्हा पुढचा डाव कानात सांगितला जातो. जोरात आपटल्यावर एक जण दुसऱ्याचा हात हळूच दाबतो: ठीक आहेस ना? उलट दाब आला तर खेळ पुढे चालू. दाब आला नाही तर पंच दोन्ही हातांची डोक्यावर फुली करतो, आणि पडद्यामागच्यांना कळतं की आता नाटक संपलं, डॉक्टर पाठवा. पंचाच्या कानात यंत्र असतं, त्यातून 'तीन मिनिटं उरली' असा निरोप येतो. म्हणजे हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत, घामाने निथळत, हाडं सांभाळत, घड्याळावर नजर ठेवून ही माणसं गोष्ट रचत असतात! निकाल आधी ठरलेला असतो हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण 'तो मधला सगळा भाग कोण ठरवतं?' हा प्रश्न मला पडला आणि त्या प्रश्नाने मला थेट रस्त्यावर नेऊन सोडलं.

कारण उत्तर मोटारीत आहे.

अमेरिकेत १९४८ साली नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाची संघटना झाली आणि प्रमोटरांनी देश आपसांत वाटून घेतला. हा तुझा इलाखा, हा माझा. प्रत्येक इलाख्यात गावं ठरलेली: सोमवारी हे, मंगळवारी ते, शनिवारी सकाळी टीव्हीचं चित्रण आणि रात्री पुन्हा कुठेतरी तिसरीकडे. मल्लांनी स्वतःच्या गाडीने पोचायचं. पेट्रोल वर्गणी काढून भरायचं, लॉजच्या एका खोलीत जेवढे मावतील तेवढे झोपायचं. बिल वॉट्सच्या मिड-साउथ इलाख्यात ओक्लाहोमापासून मिसिसिपीपर्यंत गावं विखुरलेली, म्हणजे पंधरा मिनिटांच्या कुस्तीसाठी शेकडो मैल गाडी हाकायची आणि तेवढीच परत. हिरोंची गाडी वेगळी, व्हिलनची वेगळी. पेट्रोल पंपावरसुद्धा एकमेकांना ओळख द्यायची नाही. १९८७ साली न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर पोलिसांनी एक गाडी अडवली, तर आत 'देशभक्त' हॅकसॉ जिम डगन आणि 'अमेरिकेचा शत्रू' आयर्न शेख शेजारी शेजारी! अमली पदार्थ सापडले हा गुन्हा होताच, पण धंद्यातल्या लोकांचं डोकं फिरलं ते हे दोघे एका गाडीत सापडले म्हणून.

आणि आता माझं आवडतं. गाडी चालवायची ती सगळ्यात नवख्या पोराने. बाजूला आणि मागे म्हातारी खोडं. रात्रभर ती त्या पोराच्या कुस्तीची चिरफाड करणार. तू एवढ्या लवकर का उठलास? त्याने पाय धरला होता ना, मग लंगडायला विसरलास कसा? तिसऱ्या रांगेतली म्हातारी ओरडत होती, तिच्याकडे बघितलंस का? पब्लिक गप्प झालं की घाबरू नकोस, ते ऐकतंय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तीच कुस्ती, त्याच गड्याशी, पण कालची चूक काढून. मग पुन्हा गाडी, पुन्हा चिरफाड. आपल्याकडे पोरगं तालमीत राहतं, लाल मातीत वस्तादाच्या नजरेखाली घडतं आणि यात्रा-जत्रांच्या हंगामात फडावर उतरतं. यांची तालीमच गाडीत भरते. फड चार चाकांवर आणि वस्ताद मागच्या सीटवर!

हे कळल्यावर मी रिक फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट यांच्या १९८९ सालच्या तीन कुस्त्या पाहिल्या: फेब्रुवारीत शिकागो, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स, मे महिन्यात नॅशव्हिल. न्यू ऑर्लिन्सची तर जवळजवळ तासभर चालते. विमान अपघातात कणा मोडलेला, आता पुन्हा रिंगमध्ये उभा राहणार नाही असं ज्याला सांगितलं होतं, तोच हा फ्लेअर. एकही डाव फुकट जात नाही. स्टीमबोट हात पिरगाळतो, सोडतो, पुन्हा तोच हात धरतो आणि फ्लेअरच्या चेहऱ्यावर 'आता पुरे' हे इतकं खरं उमटतं की मी पाटींचा हात आवळला. हे आलं कुठून? सत्तरच्या दशकापासून या दोघांनी कॅरोलिनातल्या गावोगावच्या हॉलमध्ये रात्रीमागून रात्री एकमेकांशी केलेल्या कुस्त्यांतून. आधी लिहून काढलेलं काही नाही. आपल्या तमाशातल्या वगात पूर्वी संहिता नसायची, गोष्टीचा सांगाडा ठाऊक, बाकी सगळं हजरजबाबीपणावर आणि समोरच्या पब्लिकच्या नाडीवर. तसाच हा प्रकार! उलट तोच स्टीमबोट २९ मार्च १९८७ रोजी रँडी सॅव्हेजशी लढला, तेव्हा सॅव्हेजने अख्खी कुस्ती पहिल्या डावापासून शेवटच्यापर्यंत कागदावर लिहून घोकून घेतली होती. दोन्ही कुस्त्या अप्रतिम. एकीत पाठांतर आहे, दुसरीत शेकडो मैलांची धूळ आहे. एकदा सांगितलं की फरक डोळ्यांना दिसतो.

हे सगळं अमेरिकेचं झालं. पण ताता अमेरिकेत गेलेले नाहीत. त्यांना हे वेड लागलं ते इथेच, मद्रासला. त्यांच्या लहानपणी गावात जाहिरातीची गाडी फिरायची, भोंग्यावरून नावं पुकारायची, रंगीत कागद उधळायची आणि पोरं मागून धावायची: किंग काँग! दारा सिंग! पार्क टाउनच्या बाजूला रिंग लागली की ताता सायकलवर डबलसीट तिकडे. किंग काँगने इतक्या डझन अंड्यांचा नाश्ता केला, दाराने त्याला डोक्यावर उचलून दोराबाहेर फेकला, असं सांगताना ताता खुर्चीतून उठतात आणि पाटींना उचलून दाखवायच्या बेतात येतात. पाटी पळी उगारतात.

आता मी काय केलं असेल? वाचत सुटले. किंग काँग म्हणजे एमिल चाया. हंगेरियन, जन्म १९०९ चा, ब्रासोव्ह गावचा, जे आज रोमानियात आहे. घर सोडून निघालेला हा अगडबंब माणूस आशियाच्या रस्त्याला लागला आणि सिंगापूर त्याचं ठाणं झालं. १९५५ साली जपानमध्ये रिकिडोझनशी भिडला, हिंदुस्थानात गावोगाव दाराशी भिडला. आणि दारा सिंग! अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावचा पोरगा १९४७ च्या सुमारास सिंगापूरला गेला, ड्रम बनवणाऱ्या गिरणीत कामाला लागला आणि तिथल्या ग्रेट वर्ल्ड स्टेडियममध्ये हरनाम सिंग यांच्या हाताखाली कुस्ती शिकला. क्वालालंपूरला तरलोक सिंगला हरवून मलेशियाचा चॅम्पियन झाला आणि मग तोही त्या फिरत्या जथ्यात सामील. १९५९ साली कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवलं, २९ मे १९६८ रोजी मुंबईत लू थेझला. आपण ज्याला रामायणातला हनुमान म्हणून हात जोडले, त्याने त्याआधी बोटीने, आगगाडीने, विमानाने अर्धं जग तुडवलं होतं!

आणि हा गॉर्डिएन्को कोण माहीत आहे? कॅनडाचा. तरुणपणी कम्युनिस्टांत वावरला म्हणून अमेरिकेने त्याला दार बंद केलं. सगळ्यात मोठा धंदा जिथे, तिथेच जाता येईना, म्हणून बाकीचं जग फिरला. आणि फिरता फिरता चित्रं काढायला लागला, नुसती हौस म्हणून नव्हे, प्रदर्शनं भरवण्याइतकी. रात्री कुणाला तरी दोरावर आपटायचं आणि सकाळी रंग कालवायचे. असा माणूस दारा सिंगच्या हातून कलकत्त्यात पडला. हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही!

मग मला एक मजा लक्षात आली. मद्रासच्या तातांना वाटतं, दारा आणि किंग काँगची अस्सल लढत मद्रासला झाली. माझ्या सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले ती वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियमवर, दुसरीकडे कुठे होणार? नवऱ्याचे सिंगापूरचे साहेब म्हणाले, आमच्याकडे. आणि तिघेही बरोबर! हे दोघे तीच कुस्ती गावोगाव नेत होते, आणि प्रत्येक गावाला आपलीच खरी वाटेल इतकी ती दर वेळी ताजी करून वाढत होते. दौऱ्यावरच्या माणसाचं सगळं कसब इथे लागतं. कालच्या गावात पडलो, हे आजच्या गावाला कळता कामा नये.

पार्क टाउनला मी मुद्दाम जाऊन आले. एका बाजूला सेंट्रल स्टेशन, पुढे रिपन बिल्डिंग, तिच्या शेजारी लाल विटांचा विक्टोरिया पब्लिक हॉल, पाठीमागे नेहरू स्टेडियम. १९८० साली याच स्टेडियमात खुद्द महंमद अली प्रदर्शनाची लढत खेळून गेला, जिमी एलिसबरोबर, आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री एमजीआर ती पाहायला हजर होते! पण विक्टोरिया हॉलसमोर उभी राहिले तेव्हा मला अली आठवला नाही, गोविंदसामी राव आठवले. तंजावरचा हा मराठी माणूस. महाराष्ट्रातून आलेल्या सांगलीकर नाटक मंडळींचे खेळ पाहून त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि मनमोहन नाटक कंपनी काढली. या हॉलमध्ये त्यांचे खेळ झाले, आणि १८९१ साली पम्मल संबंद मुदलियार या वकिलीकडे निघालेल्या तरुणाने मद्रासची सुगुण विलास सभा उभी केली. सांगली ते तंजावर ते मद्रास: ट्रंका, पडदे, मुखवटे आणि रात्रीचा प्रवास. त्याच मोहल्ल्यात पुढे भोंगा लावून किंग काँग आला. एकाने तोंडाला रंग लावला, दुसऱ्याने अंगाला तेल. दोघांनाही पुढच्या गावची गाडी पकडायची होती.

आणि आता माझ्या गावाची गोष्ट सांगते. हमीदा बानू! मिर्झापूरची, अलीगढला तालीम केलेली, पुरुषांशी लढणारी बाई. १९५४ साली तिने जाहीर केलं, मला कुस्तीत हरवा आणि माझ्याशी लग्न करा. पंजाबचा गडी पडला, कलकत्त्याचा पडला, आणि मे महिन्यात ती बडोद्याला पोचली. गावात मोटारींवर तिचे फलक फिरत होते. समोर आला बाबा पहिलवान. १ मिनिट ३४ सेकंदांत कुस्ती संपली! त्याच वर्षी मुंबईत तिने 'रशियाची अस्वलीण' म्हणून गाजवलेल्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटाच्या आत लोळवलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती मात्र कुस्तीच्या संघटनेने हरकत घेतल्यामुळे झाली नाही. कोल्हापुरात एका मल्लाला हरवल्यावर लोकांनी दगड फेकले. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली म्हणून तिने थेट मोरारजी देसाईंकडे तक्रार केली, तर उत्तर काय आलं? बाई म्हणून बंदी नाही, प्रमोटर तुमच्यासमोर नकली गडी उभे करतात अशी तक्रार आहे. म्हणजे नुरा कुस्तीचा आरोप! बाई जिंकली की कुस्ती खोटी. खरं-खोटं ठरवणारे पहिल्यापासून असे हिशेब मांडत आले आहेत.

युरोपच्या दौऱ्याला जायचं तिने जाहीर केलं होतं. ते झालं नाही. तिला जाऊ द्यायचं नाही म्हणून वस्तादाने मारून तिचे हात मोडले, असं तिच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. त्यानंतर हे नाव वर्तमानपत्रांतून पुसलं गेलं. ती राहिली कुठे? कल्याणला! म्हशी पाळून, दूध विकून, रस्त्याच्या कडेला खाण्याचे जिन्नस विकून. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पानावर तिचं चित्र लावलं तेव्हा जगाला नाव कळलं. मी कल्याणची, आणि मला हमीदा बानू भेटली ती पेरांबूरला, एका तमिळ आजोबांच्या टीव्हीमुळे. बहिणीला मी रात्री अकराला फोन करून हे सांगितलं. तिला वाटलं कुणी आजारी आहे.

रस्ता काय काय घेतो, तेही आता कळायला लागलं आहे. किंग काँग १९७० साली गेला तो मोटार अपघातात जखमी होऊन. मिक फोली हा मल्ल १९९४ च्या मार्चमध्ये म्युनिकला लढत होता, ताणलेल्या दोरांत मान अडकली आणि उजव्या कानाचा बराचसा भाग रिंगमध्येच राहिला. हाच फोली कॉलेजात असताना, १९८३ साली, रस्त्यावर अंगठा दाखवत दिसेल त्या गाडीने न्यूयॉर्कला गेला होता, कारण मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जिमी स्नुका पिंजऱ्यावरून उडी मारणार होता. त्या एका उडीने त्याचं आयुष्य ठरलं. एडी गरेरो १३ नोव्हेंबर २००५ रोजी मिनियापोलिसच्या हॉटेलच्या खोलीत मेला, वय ३८. त्याच्यानंतर कंपनीने औषधांच्या आणि हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या. आणि एवढं असून ही माणसं कागदावर नोकर नाहीत, कंत्राटदार आहेत. वर्षातले दोनशे-तीनशे दिवस बाहेर काढणाऱ्या पिढ्यांनी गाडीभाडं आणि हॉटेल आपल्या खिशातून भरलं. आता मोठ्या कंपनीत गावोगावचे छोटे खेळ पुष्कळ कमी झाले आहेत आणि नवीन पोरं अद्ययावत केंद्रात शिकतात. शरीराला ते बरंच. पण मागच्या सीटवरचे वस्ताद त्यांना कुठून मिळणार, याची काळजी मला पेरांबूरला बसून लागली आहे. यावरून कळेल, प्रकरण किती हाताबाहेर गेलं आहे!

आपला महाराष्ट्रही या नकाशावर आहे बरं का. डिसेंबर २०११ मध्ये पुण्याला बालेवाडीत 'रिंग का किंग' या कुस्तीच्या मालिकेचं चित्रण झालं, जेफ जॅरेट आणि स्कॉट स्टायनर बालेवाडीत! २०१२ साली ती कलर्सवर दाखवली. ८ सप्टेंबर २०२३ रोजी हैदराबादला गच्चीबावलीच्या स्टेडियमात जॉन सीना लढला, चेन्नईहून एका रात्रीच्या रेल्वेवर. पुढच्या वेळी कुणी आलं तर ताता, पाटी आणि मी स्लीपरचं तिकीट काढून, पुळियोदरैचा डबा बांधून निघणार. दौऱ्यावरच्या माणसांना बघायला दौऱ्यावरच जायला हवं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर अशी करा. आधी फ्लेअर-स्टीमबोटच्या त्या तीन कुस्त्या, क्रमाने. मग सॅव्हेज-स्टीमबोट, कागदावरची. मग 'बियाँड द मॅट' हा १९९९ चा माहितीपट, त्यात फोलीची लहान पोरं पहिल्या रांगेत बसून बापाला मार खाताना बघतात तो भाग एकट्याने बघू नका. मग 'द रेसलर', २००८ चा, मिकी रुर्कचा. बघताना चेहरे नंतर बघा, आधी हनुवट्या आणि हात बघा. कोण कुणाला सांभाळतंय ते शोधा. आणि 'हे सगळं खोटं असतं हो' म्हणणारा कुणी भेटलाच, तर वाद घालू नका. त्याला टिम वूड्सची गोष्ट सांगा आणि विचारा, खोट्यासाठी इतकं खरं तू कधी वागला आहेस का?

बघून झालं की मला फोन करा, तासभर बोलू. मंगळवारी पहाटे मात्र करू नका, उचलणार नाही.